महामारी व तत्सम

मला दोन व्यसनं. एक तंबाखूचं, ते बायकोनं सोडवलं. दुसरं कलमं लिहिण्याचं, ते सरकारनं पगार देऊन वाढवलं.

वर्ध्याच्या एका सरकारी कचेरीत मी आरोग्याच्या फायली सांभाळत असे. त्यातली माझी लाडकी फाईल डायलिसिसची. जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात सहा मशीनचं केंद्र होतं. जागा, वीज, पाणी सरकारचं. मशीन आणि ती चालवणारी माणसं एका खाजगी कंपनीची. पेशंटला सगळं फुकट. ह्याला म्हणतात सार्वजनिक-खाजगी भागीदारी, आणि कंपनीला केंद्र चालवायला देण्याच्या त्या जाडजूड कागदाला म्हणतात सवलत करार. आमची बायको शाळेत शिक्षिका. तिला मी हे एकदा मोठ्या अभिमानानं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे चूल आपली, भांडे शेजारणीचे, अन् जेवणारे तिसरेच. भांडण झालं तर कोणी मिटवायचं जी?"

"त्यासाठीच तर करार असतो," मी म्हणालो.

तो करार वरून इंग्रजीत आला होता, आणि त्याचं मराठी करण्याचं काम माझ्याकडं. त्यात एक संकटाचं कलम होतं. माणसाच्या हातात नसलेलं संकट आलं तर कंपनीनं सेवा थांबवली तरी तिचा दोष धरायचा नाही, असं. पुढं संकटांची यादी: पूर, भूकंप, युद्ध, दंगल. मला ती यादी थोटी वाटली. भाताआधीच पंगत उठावी तशी. मी पुढं लिहून टाकलं, 'महामारी व तत्सम'. तत्सम हा माझा जिवाभावाचा शब्द. आपल्याला जे सुचलं नाही ते सगळं त्यात मावतं.

कंपनीचा मॅनेजर नागपूरचा, कडक इस्त्रीचा माणूस. त्यानं मसुदा वाचून विचारलं, "सर, ये महामारी किसलिए? आजकल कहाँ होती है?"

"असू द्या हो," मी म्हणालो. "भारदस्त वाटतं."

साहेबांनी सही केली. त्या दिवशी मी घरी बालुशाही नेली. तीन वर्षांनी महामारी आली.

आमचं घर बोरगाव मेघेच्या एका कॉलनीत. कॉलनीत मास्तर, बाबू, बँकवाले असा सगळा पेनवाला समाज. समितीचे अध्यक्ष एक निवृत्त मुख्याध्यापक, त्यांना सगळे सर म्हणत, आणि सचिव मी. सचिव कशासाठी, तर नोटीस लिहायला. टाळेबंदी लागली तसं सर म्हणाले, "एक नोटीस काढा. नेमकी पाह्यजे." त्यांनी असं सांगायला नको होतं. मी रविवारी बसलो आणि सात कलमांची नोटीस काढली. कलम दोन असं: रुग्णालय, दवाखाना, तपासणी केंद्र वा तत्सम ठिकाणाहून येणाऱ्या कोणत्याही व्यक्तीस कॉलनीत प्रवेश दिला जाणार नाही. कलम पाचमध्ये दूध, भाजी, औषधं यांना सूट. खाली माझी सही, पल्लेदार. कॉलनीच्या तोंडाशी आडवा बांबू टाकला, बांबूला नोटीस चिकटवली, आणि सोमवारी संध्याकाळी पहिली बांबूची ड्युटी मीच घेतली. आपल्या कलमाची अंमलबजावणी आपल्या डोळ्यांनी पाहण्याचं सुख सरकारी नोकरीत कुठं मिळतं?

दिवेलागणीला मोटारसायकलवर दोन जण आले. तोंडाला मास्क, पाठीला बॅगा.

"कुठून?"

"हॉस्पिटल से, सर. यहीं रहते हैं, तीन नंबर की गली में."

मी खिशातला टॉर्च काढून त्यांना कलम दोन मोठ्यानं वाचून दाखवलं. 'तत्सम' जरा घोळवूनच वाचलं. त्यातला उंच पोरगा माझ्याकडं टक लावून पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, आप हमको पहचाने नहीं?"

"ओळखबिळख इथं चालणार नाही," मी म्हणालो. "नियम म्हणजे नियम."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं, गाडी वळवली आणि गेले. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, "आज दोघांना परत पाठवलं. ओळख दाखवून घुसून राह्यले होते." ती पोळी लाटत होती. म्हणाली, "मास्क लावलेल्या माणसाले ओळखलं नाई तर त्यात शौर्य काय?"

मंगळवारी सकाळी कचेरीत आलो तर साहेबांच्या टेबलावर कंपनीचं पत्र पडलेलं. आमच्या दोन्ही तंत्रज्ञांना राहत्या जागेतून हाकललं आहे, ते रात्री केंद्रातल्या बाकावर झोपले, त्यांना आता आपल्या गावी जायचं आहे. सबब करारातल्या संकटाच्या कलमान्वये गुरुवारपासून सेवा स्थगित. सोबत दोन कागद जोडलेले. जोडपत्र अ, कराराचं ते पान. जोडपत्र ब, बांबूवरच्या नोटिशीचा फोटो.

साहेबांनी जोडपत्र अ पुढं सरकवलं. "हा मसुदा कोणाचा?"

"माझा, साहेब."

जोडपत्र ब पुढं सरकवलं. "अन् ही सही?"

"तीही माझीच." साहेबांनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. मग म्हणाले, "कंपनीनं वकीलसुद्धा लावला नाही हो. तुम्ही होते ना."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. वर्षातून दोनदा मी त्या केंद्राची तपासणी करत होतो. ती दोन पोरं मला चहा देत, पाण्याचं यंत्र दाखवत, रजिस्टर पुढं ठेवत. दरवेळी मास्कमध्ये. माझ्याच फायलीतली माणसं माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहत होती. पहाटे जात, अंधार पडता येत. आणि मला त्यांचा पत्ता नव्हता. साहेबांनी सांगितलं, पोरांना ठेवायला जागा नाही. विश्रामगृह, वसतिगृहं सगळी विलगीकरणाला घेतलेली, लॉजला कुलपं. मी मॅनेजरला फोन लावला. तो बिचारा ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो नम्रपणे म्हणाला, "सर, मलाही बंद नाही करायचं. पण पोरं म्हणतात, हाकललेल्या गावात राहायचं नाही. राहायची जागा आणि कॉलनीचं लेखी पत्र, दोन्ही द्या. गाडी उद्या चारला निघेल. त्याच्या आत द्या."

दुपारी घरी आलो, पाणी प्यालो, बायकोला सगळं सांगितलं. आधी ती हसली. मग एकदम थांबली.

"गुरुवारी तर मावशीचा नंबर असते."

"कोण मावशी?"

"अजी, भाजीवाली मावशी! सिंदी रेल्वे गावाकडची. तिच्या हातचे वांगे खाऊन खाऊन तर तुमचं पोट सुटलं."

मावशी म्हणजे आमच्या कॉलनीचं रोजचं घड्याळ होती. स्वतःच्या शेतातली वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर घेऊन वर्षानुवर्षं यायची. गेल्या वर्षापासून तिच्या जागी सून येऊ लागली, छोटा टेम्पो स्वतः चालवत. "मावशी बरी नाही," हे मी ऐकलं होतं आणि पुढं वांग्याचा भाव विचारला होता. आता बायकोनं सांगितलं, मावशीच्या दोन्ही किडन्या गेल्या. सोमवार-गुरुवार चार-चार तास मशीनवर असते. एक नंबर चुकला तर पाय सुजतात, दुसरा चुकला तर छातीत पाणी भरतं आणि श्वास घेता येत नाही. नागपूरचा रस्ता बंद. खाजगीवाले बाहेरचा पेशंट घ्यायला तयार नाहीत. माझ्या फायलीत ती होती. लाभार्थी क्रमांक अकरा.

दुपारभर मी कूलरसमोर बसलो आणि घाम पुसत राहिलो.

बुधवारी सकाळी सातला सभा बोलावली. एकत्र जमायची बंदी, म्हणून जो तो आपापल्या गच्चीवर. गणेश मंडळाचा माइक माझ्या गच्चीवर लावला. सर पांढरी टोपी घालून समोरच्या गच्चीवर खुर्ची टाकून बसले. विषय एकच, कलम दोन रद्द करणे. चार वाजायला नऊ तास होते आणि मला वाटलं, नऊ मिनिटांत काम होईल.

मी सुरुवात केली ती सवलत करारापासून. प्रवर्तक म्हणजे कोण, सवलतधारक म्हणजे कोण, सेवेची सलगता म्हणजे काय. सभेत व्यक्तिगत बोलू नये, हा तीस वर्षांचा संस्कार. टिपणीत कोणाचं रडगाणं चालत नाही. मुद्दा लिहायचा, माणूस लिहायचा नाही. मी मुद्द्यावर मुद्दे मांडत होतो. तिसऱ्या गच्चीवर एक जण दात घासायला लागला. कोणीतरी आत जाऊन चहा करून आलं. पाण्याच्या टाकीवर उभा राहून बँकवाला ओरडला, "भाऊ, हे सांगून काय राह्यले तुमी? कोरोना आनायचा का नाई आनायचा, एवढं सांगा!"

"मुद्दा असा आहे," मी म्हणालो, "की करारातील आकस्मिक आपत्तीच्या तरतुदीचा अर्थ लावताना..."

"तुमीच त रविवारी म्हनत होते, दवाखान्यातून कोनीच नाई पाह्यजे!"

तिसऱ्या गल्लीतला घरमालक, ज्याच्याकडं ती पोरं राहत, तो गच्चीच्या कठड्याशी आला. त्याचा आवाज भांडणाचा नव्हता, घाबरलेला होता. "बाबूजी, पोरं चांगले हाय. पन माह्या घरी ऐंशी वर्साची माय हाय. तिले काई झालं त मी कोनाले तोंड दाखवू?"

मी टिपणातला पुढचा मुद्दा शोधू लागलो. सरांनी घसा साफ केला. "ठराव रद्द कराले मतदान लागते. हात वर करा." हात वर आले. मोजले नाहीत तरी दिसत होतं, फार कमी होते. त्यातला एक बायकोचा, आणि तो तिनं माझ्याकडं न पाहता वर केला होता.

मी माइक हातात घेऊन तसाच उभा राहिलो. उन्हाचा चटका सुरू झाला होता. आता मॅनेजरला काय सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवत होतो, आणि लाज वाटते सांगायला, ती वाक्यं फार सुबक जुळत होती.

तेवढ्यात बांबूशी भोंगा वाजला. भाजीचा टेम्पो. कलम पाचप्रमाणे त्याला सूट होतीच. मावशीची सून खाली उतरली, तोंडाला पदर बांधलेला. वर सगळ्या गच्च्यांवर माणसं उभी बघून ती गडबडली.

"काय झालं जी? कोनी गेलं का?"

"नाई वं, सभा हाय," एका गच्चीवरून आवाज आला. "मावशी कशी हाय?"

"काय सांगू बाई. उद्या नंबर हाय, पन मशीन बंद होते म्हन्ते. मशीनवाले पोरं चालले गावाले. कोन्या कॉलनीवाल्यानं हाकलून देल्ले म्हन्ते त्याईले. आमी काल समुद्रपूरपासून सगळीकडे फोन लावून पाह्यले, कोनीच घेत नाई."

"कोन्या कॉलनीवाल्यानं?" बँकवाल्यानं विचारलं.

"मले का मालूम जी. कोनी शिकलेला हाय म्हन्ते. बांबू टाकून कागद वाचून दाखवला म्हन्ते पोराईले, टॉर्च लावून."

सगळ्या गच्च्यांवरची तोंडं माझ्याकडं वळली. मी माइक घट्ट धरून उभा होतो, आणि माइक सुरू होता, त्यामुळं माझा श्वास अख्ख्या कॉलनीला ऐकू जात होता.

"बाबूजी!" बँकवाला ओरडला. "हे आपल्या मावशीचं हाय? मंग हे पयले काऊन नाई सांगितलं? अर्धा तास झाला प्रवर्तक-प्रवर्तक करून राह्यले!"

आयुष्यात पहिल्यांदा मी माइकवर कलमाशिवाय बोललो. म्हणालो, "त्या पोरांना मीच हाकललं. माझ्याच फायलीतले होते, मी ओळखलं नाही. कंपनीला सेवा बंद करता येते, ते कलमही मीच घातलं. भारदस्त वाटावं म्हणून. उद्या मशीन बंद राहिली तर मावशी आणि तिच्यासारखे आणखी पेशंट कुठं जातील, मला माहीत नाही. मी चुकलो."

मग तिसऱ्या गल्लीतून एक चिरका आवाज आला. घरमालकाची ऐंशी वर्षांची आई, कोणी वर आणली कोण जाणे, खुर्चीत बसून मुलाच्या पाठीवर काठी टोचत होती. "काऊन रे, माह्या नावानं लपून राह्यला का? आन त्या पोराईले! माहे पाय दाबून दिले त्या लंब्या पोरानं दिवाळीले, तू नाई दाबले!"

गच्च्या हसायला लागल्या. पण सर हसले नाहीत. ते उठून उभे राहिले. "म्हातारीचा जीव धोक्यात नाई घालायचा. पोरं येतील, पण त्या घरी नाई. वेगळी खोली पाह्यजे, जिना बाहेरून असलेली."

"आमची वरची खोली," माझ्या शेजारून आवाज आला. बायको. "जिना बाहेरून आहे. मोरी आहे."

मी तिच्या कानाशी म्हणालो, "अगं, तिथं माझे कागद..."

"त्याच कागदांमुळं ही वेळ आली," ती म्हणाली, आणि हे माइकवर गेलं.

ह्या वेळी हात वर करायला कोणी सांगितलं नाही. सरांनी विचारायच्या आत गच्च्यांवर जंगल उगवलं. तो बँकवाला तर दोन्ही हात वर करून उभा होता. ठराव मंजूर. मला वाटतं, त्या जिल्ह्यात त्या उन्हाळ्यात एवढ्या कमी वेळात एवढा मोठा निर्णय दुसऱ्या कोणत्याही सभेत झाला नसेल.

पुढचे काही तास म्हणजे कॉलनीचं लग्नघर. माझे तीस वर्षांचे मसुदे, कच्च्या प्रती, कच्च्या प्रतींच्या कच्च्या प्रती, शेजाऱ्यांनी साखळी करून खाली उतरवल्या. कोणी खाट दिली, कोणी कूलर, कोणी मटका. प्लंबरला घरातून शोधून आणलं आणि बांबूजवळ पोरांना आंघोळीला आडोसा, टाकी आणि नळ बसवला. रोज कोणाच्या घरून डबा जाणार याची यादी बायकांनी केली, आणि तिच्यात कुठंही 'तत्सम' नव्हतं. घरमालकानं पोरांच्या जुन्या खोलीतलं सामान स्वतः डोक्यावर वाहून आणलं.

मी खाली बसून पत्र लिहिलं. कागद समोर, पेन हातात. सवयीनं 'उपरोक्त विषयास अनुसरून' लिहिलं आणि खोडलं. शेवटी दोनच ओळी उरल्या: आपल्या दोन्ही तंत्रज्ञांची राहण्याची सोय कॉलनीने केली आहे. ते आमचे पाहुणे आहेत. खाली सरांची सही, माझी सही. फोटो काढून साहेबांना आणि मॅनेजरला पाठवला. लगेच साहेबांचा फोन.

"एवढंच?"

"एवढंच, साहेब."

"तुमची तब्येत बरी आहे ना?"

दुपारी तीनच्या सुमारास मॅनेजरचा फोन आला. गाडीत बसलेल्या पोरांना त्यानं पत्र वाचून दाखवलं होतं. उंच पोरानं विचारलं म्हणे, "वो टॉर्चवाले सर रहेंगे क्या वहाँ?" त्या टॉर्चवाल्याच्याच घरात राहायचं आहे कळल्यावर दोघं इतके हसले की गाडीतून उतरलेच. संध्याकाळी दोघं बांबूशी आले तेव्हा मी बांबू स्वतः उचलला. अख्ख्या कॉलनीनं गच्चीवरून टाळ्या वाजवल्या. त्या त्यांच्यासाठी होत्या. तरी मी मान लववून घेतली. सवय जात नाही.

गुरुवारी मी पास काढून केंद्रात गेलो. सहाही मशीन चालू होत्या. तो घर्र-घर्र आवाज मी तपासणीत कितीदा ऐकला होता, पण ऐकला कधीच नव्हता. उंच पोरगा एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जात होता, दाब बघत, नळ्या तपासत. मला बघून त्यानं मास्क क्षणभर खाली केला आणि म्हणाला, "सर, देख लो अच्छे से. फिर मत कहना."

तिसऱ्या खाटेवर मावशी. हाताला दोन सुया, पायावर चादर. ती वाळली होती, पण डोळे तेच, वांगी दाबून बघणाऱ्या गिऱ्हाइकाला धारेवर धरणारे.

"तुमीच का ते हाकलनारे?"

"हो मावशी."

"अन् तुमीच आनले?"

"मी नाही. कॉलनीनं."

"हं." तिनं मोकळ्या हातानं पायावरची चादर नीट केली. "सुनेनं सांगितलं मले सारं. गच्चीवर लई येळ बोलत होते म्हने तुमी, अन् कोनाले काईच समजलं नाई."

"नाही समजलं."

"मी भाजी इकते त काय म्हन्ते? वांगे घ्या. झालं. दुसरं काय बोला लागते?"

चार तास मी बाहेरच्या बाकावर बसलो. कोणी बसायला सांगितलं नव्हतं. मग सुया निघाल्या, हातावर पट्टी बसली, तिला वजनकाट्यावर उभं केलं. उंच पोरानं आकडा रजिस्टरात लिहिला आणि अंगठा वर करून तिला सगळं ठीक असल्याची खूण केली. ती सुनेच्या खांद्यावर हात ठेवून चालत टेम्पोपर्यंत गेली. रिकाम्या कॅरेटमधून वाट काढून पुढच्या सीटवर चढताना तिनं सुनेचा हात झटकला आणि स्वतःची स्वतः चढली.

टेम्पो सुरू झाला. मी दवाखान्याच्या दारात उभा होतो. तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या आवारात घुमेल अशा तिच्या जुन्या विक्रीच्या आवाजात ओरडली, "बाबूजी! सोमवारी येतो मी!"